बोलेल हो, बोलेल!

दिवाळीच्या फराळाला चार घरची माणसे जमली की त्यांत एखादे दीड-दोन वर्षांचे मूल असतेच, आणि त्याच्या आईला कुणीतरी विचारतेच, "काय गं, बोलतो की नाही काही?" आई जराशी ओशाळते. "अजून फारसं नाही," म्हणते. मग चकली मोडता मोडता सगळी बैठक एका सुरात म्हणते, "बोलेल हो, बोलेल! एवढी काय घाई आहे? एकदा बोलायला लागला की नको नको म्हणशील!" सगळे हसतात. आईही हसते. आणि बोलणे अनारशांना यंदा जाळी कशी पडली याकडे वळते.

हे वाक्य मला मराठी घरांतून हद्दपार झालेले पाहायचे आहे. ऐन सणात, पुढ्यात फराळाचे ताट असताना, असला विषय काढू नये हे मला कळते. पण आजी, आई आणि नातवंड एका खोलीत बसतात ती याच दिवसांत, आणि हे वाक्य सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाते तेही याच दिवसांत. शिवाय ते गोड वाक्य आहे. टोमणा मारणाऱ्याला उत्तर देता येते. धीर देणाऱ्याला काय उत्तर देणार? त्याच्याशी भांडायला गेले तर भांडणारीच वाईट ठरते.

ठरू द्या. मी काही परक्यांवर आरोप करायला बसलेले नाही. हे वाक्य मी स्वतः वर्षभराहून अधिक काळ रोज म्हणत होते, आणि माझ्या म्हणण्याला घरात वजन होते. चौतीस वर्षे मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत बालवर्ग आणि पहिली शिकवली. मुलांतले मला कळते, असा माझा समज होता आणि घरातल्यांचाही होता. त्या समजाची किंमत माझ्या नातवाने मोजली.

नातू जून २०१८ चा. चौदा महिन्यांचा असताना सूनबाई एकदा म्हणाली, "आई, मागून हाक मारली तर हा वळत नाही." मी म्हटले, "अगं, खेळात रमलाय. पुरुषमाणूस आहे, ऐकायचं असेल तेव्हाच ऐकणार!" या विनोदावर आमचे घरचेसुद्धा हसले, आणि ते सहसा हसत नाहीत. त्याच वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला शेजारच्या पोरांनी अंगणात मोठा बाँब लावला. तो फुटला, आणि आईच्या कडेवरचा नातू ताडकन दचकून रडू लागला. मी विजयी मुद्रेने सूनबाईकडे पाहिले. "बघ! ऐकू येतं की नाही?" ती काही बोलली नाही. माझ्या घरात सासूला उत्तर देण्याची पद्धत नाही, असे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे.

पुढचे उपचार मीच केले. पोपटाने टोचलेला पेरू मिळवून त्याला चारला, कारण पोपटाचे उष्टे खाल्ले की वाचा फुटते. वेखंड मधात उगाळून जिभेला लावले. (वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, त्यातून क्वचित पण जीवघेणी विषबाधा होऊ शकते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, नातू तोवर वर्षाचा झाला होता हे आमचे नशीब.) जीभ खाली चिकटली असेल, म्हणून त्याचे तोंड उघडून पाहिले. जीभ चिकटलेली असली तर अंगावर पिताना अडचण येते, पुढे एखाददुसऱ्या अक्षराचा उच्चार बिघडू शकतो. पण त्यामुळे मूल बोलायचेच राहत नाही. हेही मला नंतर कळले. मला सगळे नंतरच कळले.

डॉक्टरांनाही दाखवले. नाही असे नाही. त्यांनी मुलाला मांडीवर घेतले, टाळी वाजवली, मुलाने पाहिले. "नॉर्मल आहे. मुलगे उशिरा बोलतात. तीन वर्षांपर्यंत थांबा." पाच मिनिटांत आम्ही बाहेर. मला तर पदवीधर पाठिंबा मिळाला. डॉक्टरांची टाळी मुलाच्या डोळ्यांसमोर वाजली होती, हे फक्त एका माणसाने पाहिले होते आणि त्या माणसाला त्या घरात उत्तर देण्याची पद्धत नव्हती.

मग २०२० चा मार्च आला आणि सगळा देश घरात बसला. अंगणवाड्या बंद, दवाखान्यांत जायची भीती. मूल बोलत नाही याला आता नवे, भक्कम कारण मिळाले : "चार माणसं भेटतच नाहीत, बोलेल कुणाशी?" जुलैत सूनबाईला ताप आला. अहवाल येईपर्यंत ती दाराशी बसून, तोंडाला मास्क लावून मुलाशी बोलायची. एरवी "चेंडू आण" म्हटले की नातू चेंडू आणत असे. आमच्या 'त्याला सगळं समजतं' या दाव्याचा तोच पुरावा होता. त्या दिवशी तिने मास्कमागून तीनदा सांगितले. तो तिच्याकडे नुसता पाहत राहिला. तिने मास्क खाली ओढला, तेच शब्द तितक्याच आवाजात म्हटले, आणि पोरगा उठून चेंडू घेऊन आला.

मी तिथेच भाजी निवडत होते. मी हे पाहिले. माझ्या मनात काय आले ते लिहायलाच हवे : मास्कची त्याला भीती वाटत असेल.

सप्टेंबरात ती "दोन दिवस माहेरी जाऊन येते" म्हणून गेली. माहेरी गेलीच नाही. मुलाला घेऊन ती पुण्याला गेली आणि तिने त्याचे कान तपासून घेतले. दोन्ही कानांची श्रवणशक्ती अधू होती, जन्मापासून अधू असण्याचा संभव अधिक. तो तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. परत आल्यावर तिने कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, खोटं बोलून गेले, माफ करा." एका शिकलेल्या, बँकेत अधिकारी असलेल्या मुलीला स्वतःच्या मुलाचे कान तपासायला माझ्याशी खोटे बोलावे लागले. माफी कुणी मागायची होती?

आता तो बाँब. तो ऐकून दचकलेले मूल बहिरे कसे, असे वाचकांतली एखादी आजी विचारील, मीही विचारले. त्या कानतज्ज्ञ बाईंनी मला समजावले तेव्हा माझ्या मास्तरकीचा सगळा ताठा गळून पडला. बहिरेपण म्हणजे दिव्याचे बटण बंद करावे तसा मिट्ट अंधार नव्हे. पुष्कळ मुलांना जाड, ढोलासारखे आवाज बऱ्यापैकी ऐकू येतात आणि बारीक, उंच पट्टीचे आवाज येत नाहीत. दार आपटले, ढोल वाजला, फटाका फुटला, की ती वळतात. काही आवाज तर कानाने नव्हे, जमिनीच्या हादऱ्याने कळतात. पण बोलण्यात 'आ' आणि 'ओ' दणकट असतात. 'स', 'श', 'फ', 'त', 'क' हे नाजूक. माझ्या नातवाला 'सरबत' हा शब्द 'अ-अ-अ' असा काहीतरी पोचत होता. उरलेले तो आमच्या ओठांवरून वाचत होता. दोन वर्षांचे मूल, कुणी न शिकवता, ओठ वाचत होते, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो! "त्याला ऐकायचं असतं तेव्हा बरोबर ऐकू येतं" हे वाक्य ज्या घरात म्हटले जाते त्या घराने दुसऱ्याच दिवशी कान तपासायला जावे, असे आता माझे मत आहे.

अगदी तान्हेपणीही मुले अशीच फसवतात. ऐकू न येणारे बाळसुद्धा रडते, हसते, सुरुवातीला 'आ-ऊ' करते. सात-आठ महिन्यांचे बाळ जे 'बाबाबा', 'दादादा' असे अक्षरांचे दाणे ओळीने टाकू लागते, ते मात्र अशा बाळाकडून वेळेवर येत नाहीत, किंवा येतच नाहीत. दहा महिने उलटले आणि अशी बडबड नसली, तर तेव्हाच कान तपासायचे. आमच्याकडे ते दाणे कधी पडले, कुणाला आठवत नाही. बारशाचे फोटो तीनशे आहेत.

'बोलेल हो'वाल्यांची शस्त्रे मला चांगली ठाऊक आहेत. मीच ती वापरत होते.

पहिले शस्त्र घरातल्या पूर्वजाचे. आमच्याकडे माझे आजेसासरे. ते म्हणे तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नाहीत, आणि पुढे वकील होऊन असे बोलले की त्यांना थांबवायला न्यायाधीश लागे. ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला सांगितली जाते. पण कानतज्ज्ञ बाईंच्या कागदावर पहिल्याच पानावर प्रश्न होता : घराण्यात कुणी ऐकण्या-बोलण्यात अधू होते का? मी "नाही" सांगितले. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले. त्याच आजेसासऱ्यांचा पाठचा भाऊ जन्मभर बोलला नाही. शेतावर राबला, शेतावरच गेला. घरात त्याला 'मुका' म्हणत. त्याचे नाव मला ठाऊक नाही. दोघे भाऊ उशिरापर्यंत बोलले नव्हते. एक पुढे बोलला, त्याची गोष्ट झाली. दुसऱ्याची गोष्ट फराळाला कोण सांगणार? आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल पुष्कळ जातींत आहे, आणि अशा जवळच्या नात्यातल्या विवाहांत जन्मजात बहिरेपणाचा संभव वाढतो हे शास्त्राला पक्के ठाऊक आहे. 'आमच्यात सगळे उशिराच बोलतात' असे ज्या घराण्यात म्हणतात तिथे निर्धास्त होण्याऐवजी अधिक जागे व्हायला हवे.

दुसरे शस्त्र आइनस्टाईनचे. तोही उशिरा बोलला! माझ्या थोरल्या दिरांनी हे मला किती वेळा ऐकवले असेल. खरे आहे, तो उशिरा बोलला. पण त्याने स्वतः १९५४ साली एका पत्रात लिहिले आहे की तो उशिरा बोलू लागल्यामुळे आईवडिलांना काळजी वाटली आणि त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका व्यापाऱ्याने जे केले तेवढे आम्ही साताऱ्यात केले नाही, आणि वर त्याच्याच मुलाचा दाखला देत बसलो.

मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात, हे तिसरे. सरासरीने पाहिले तर बोलतात. पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा. त्या महिन्या-दोन महिन्यांचे आपण वर्ष-दीड वर्ष केले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. मुलगी बोलली नाही तर "लाजाळू आहे" म्हणायलाही आपण तयार असतोच.

चौथे शस्त्र शहरांत चालते आणि त्याचा मला सर्वांत संताप येतो. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी इंग्रजी बालवाड्यांत आईबापांना सांगतात, "मुलाचा दोन भाषांत गोंधळ होतोय, घरी मराठी बंद करा." हे निखालस खोटे आहे. दोन भाषा ऐकल्याने मूल मुके राहत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजायचे असतात : 'पाणी' एक आणि 'बॉल' दुसरा. ज्या मुलाला अडचण आहे त्याला ती एका भाषेतही असतेच. आणि आजी, आत्या, शेजारच्या काकू ज्या भाषेत बोलतात ती काढून घेतली, म्हणजे बोलायला शिकण्यासाठी त्या मुलाकडे जी माणसे होती तीच काढून घेतली. आईबापांनी मोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलायचे, आणि मुलाने त्यातून भाषा वेचायची! मराठीच्या नावाने परिषदा भरवणाऱ्यांनी या एका सल्ल्याविरुद्ध आवाज काढला तरी पुष्कळ होईल.

मोबाईलचेही तसेच. दूरदर्शन होता तेव्हा त्याला नावे ठेवली, आता मोबाईलला ठेवतो. मी मोबाईलची वकिली करीत नाही. दोन वर्षांखालच्या मुलापुढे पडदा धरू नये हेच बरे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली वर्षाखालच्या बाळांना पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे. जेवढा वेळ पडदा बोलतो तेवढा वेळ घरातले माणूस गप्प असते, हा त्यातला मोठा तोटा. पण "मोबाईलमुळे बोलत नाही, बंद केला की बोलेल" म्हणून सहा महिने काढायचे, हाही वाट पाहण्याचाच नवा प्रकार आहे. कान अधू असेल तर मोबाईल विहिरीत टाकला म्हणून तो ऐकू लागत नाही.

आणि शेवटी आई. आई नोकरी करते, आई बोलत नाही, आई लक्ष देत नाही. मी सूनबाईला स्वयंपाकघरात एकदाच म्हणाले होते, "दिवसभर घरात असतीस तर बोलला असता." एकदाच. माझ्यासारख्या आज्यांनाच असे सुचते असे नाही. स्वमग्न मुलांच्या आया थंड काळजाच्या असतात, म्हणून मुले गप्प राहतात, असे अमेरिकेतल्या ब्रूनो बेटेलहाइमसारख्या नामांकित माणसाने १९६७ साली आख्खे पुस्तक लिहून सांगितले. कितीतरी आयांनी ते खरे मानून जन्म जाळला. पुढे ते साफ खोटे ठरले. आयांना मात्र कुणी जाऊन सांगितले नाही, बायांनो, तुमचे काही चुकले नव्हते.

आता, "उगाच घाबरवता तुम्ही आयांना" असे म्हणणाऱ्यांना. घाबरवत नाही. दोन वर्षांच्या वयात थोडके बोलणारी पुष्कळ मुले पुढे इतर मुलांना गाठतात, हे खरेच आहे. विशेषतः ज्यांना सांगितलेले सगळे समजते, जी हातवारे करून, बोट दाखवून, डोळ्यांनी पुष्कळ काही सांगतात, त्यांची. अडचण एवढीच की आपले मूल त्या पुष्कळांतले की उरलेल्यांतले, हे फराळाच्या ताटावर बसून ओळखता येत नाही. मलाही चौतीस वर्षे बालवर्गात काढून आले नाही.

तेव्हा वयाचा हिशेब सांगते, तो आयांनी मनात ठेवावा. सहा महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेला मान वळवते. वर्षाचे मूल नावाने हाक मारली की पाहते, टाटा करते, आणि बोटाने दाखवते. हे बोट दाखवणे शब्दाइतकेच महत्त्वाचे. हवी ती वस्तू दाखवणे वेगळे आणि "तो बघ चांदोबा" म्हणून, तुम्हीही पाहावे म्हणून दाखवणे वेगळे. जे मूल तुमचा हात धरून नळाला नेऊन लावते पण तुमच्या तोंडाकडे पाहत नाही, त्याची काळजी लवकर करावी, मग त्याचे कान कितीही तीक्ष्ण असोत. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दीड वर्षाला आई-बाबाखेरीज दोन-चार शब्द नाहीत, दोन वर्षांना 'बाबा गेले', 'अजून दे' अशी दोन शब्दांची जोडी स्वतःहून होत नाही, तर तपासून घ्यायचे. तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे दुधाच्या गवळ्यालाही समजायला हवे. 'र'चा 'ल' आणि 'चहा'चा 'तहा' तेव्हा चालतो. आणि येत असलेले शब्द जर गेले, बोलणारे मूल गप्प होऊ लागले, तर कोणत्याही वयात, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. याला थांबणे नाहीच.

तपासणी सुरू होते कानापासून. घरी मागून टाळ्या वाजवून, ताटे आपटून परीक्षा घेऊ नका. घरची परीक्षा मुलाला नापास करू शकते, पास करू शकत नाही. 'ओएई' नावाची तपासणी काही मिनिटांची असते. कानात मऊ टोकाचे बारीक यंत्र ठेवतात, ते हळू आवाज सोडते, आणि निरोगी अंतर्कर्ण त्याला जो बारीकसा प्रतिध्वनी देतो तो टिपते. दुसरी 'बेरा'. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूच्या वाटेला लागतो की नाही ते त्यात पाहतात; जागे मूल चुळबूळ करते म्हणून कधी झोपेचे औषध द्यावे लागते. सुई नाही, दुखणे नाही. जन्मल्यावर केलेली तपासणी ठीक आली होती म्हणून पुन्हा नको, असेही समजू नये. ऐकणे पुढेही जाऊ शकते, मेंदूज्वराने जाते, आणि वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पाणी साचून काही काळ मंदावते. कान ठीक निघाले की पुढचा प्रश्न वाचा-उपचारतज्ज्ञाला विचारायचा.

घाई कशासाठी? घाई मेंदूसाठी. ऐकण्याचे रस्ते मेंदूत पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत बांधले जातात. त्या काळात आवाज पोचला नाही तर ती जागा दुसऱ्या कामाला लागते. जगभर हजार बाळांमागे एक ते तीन बाळे कायमच्या श्रवणदोषासह जन्मतात आणि त्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी, म्हणजे ज्यांना याची स्वप्नातही कल्पना नसते अशांच्या. १९९८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच उपाय सुरू झाले, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा ठळकपणे पुढे होती. त्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. तेव्हापासून जाणते लोक सांगत आले आहेत : महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपाय.

आपल्याकडे काहीच नाही, असे म्हणून सुटता येत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था १९८३ पासून उभी आहे. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी, आपल्याच पालघरला. जन्मजात बहिरेपणा आणि भाषेतली दिरंगाई ही दोन्ही त्याच्या यादीत आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा त्यांच्या पथकाने यायचे असते, आणि पुढची मुले जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायची असतात. योजना कागदावर चांगली आहे. मला विचारायचे आहे ते हे : बाळ जन्मले की कानाच्या तपासणीचा कागद हातात पडल्याखेरीज घरी जायचे नाही, असा हट्ट आपण दवाखान्यात का धरत नाही? पेढे वाटायची घाई असते. बाळाचे वजन आपण चार ठिकाणी फोन करून सांगतो. कान कुणी विचारत नाही.

नातवाची यंत्रे २०२० च्या दिवाळीच्या आठवडाभर आधी आली. चित्रपटात दाखवतात तसे काही झाले नाही. त्याने यंत्रे ओढून काढली आणि एक फराळाच्या डब्यात टाकले. पंधरा दिवस रोज हेच. मग एके सकाळी मी तांदूळ धूत होते, तो शेजारी बसला होता, आणि माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजल्या. त्याने माझा हात धरला, हलवला, थांबला, पुन्हा हलवला. तांदूळ तसाच राहिला. अर्धा तास आम्ही तेच करीत होतो.

आता तो शाळेत जातो, बोलतो. 'स' अजून पुरता सुटलेला नाही. सूनबाई आणि तो खुणांची भाषाही शिकले, मीही मोडकीतोडकी शिकते आहे. वर्गात गोंगाट असला किंवा यंत्राची बॅटरी संपली की ती उपयोगी पडते. खुणा शिकल्या की मूल बोलायचे राहते, असे मला दोघातिघांनी सांगून पाहिले. त्यांना मी चेंडूची गोष्ट सांगते.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती. माझ्या वर्गात, फार वर्षांपूर्वी, शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. मी वर्गाकडे तोंड करून बोलत असले की त्याचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले असत. फळ्याकडे वळून सांगितले की त्याची वही कोरी. "पाठ फिरली की लक्ष उडालं!" म्हणून मी त्याला कितीदा उभे केले असेल. दोन वर्षे पहिलीत राहिला, मग आईबापांनी शाळेतून काढला. प्रगतिपुस्तकात मी माझ्या सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला होता : 'लक्ष देत नाही.'

गेल्या भाऊबीजेला नात्यातल्या एका घरी आम्ही जमलो होतो. त्यांचे मूल बावीस महिन्यांचे, तीन शब्द बोलणारे. बैठकीने आपले वाक्य म्हटले. मी ताट खाली ठेवून विचारले, "कान तपासलेत?" एकदम शांतता. घरची थोरली बाई म्हणाली, "तुमच्याकडे झालं म्हणून काय आमच्याकडेही व्हायलाच हवं का?" सणाच्या दिवशी अभद्र बोलले, म्हणून नंतर मला पुष्कळ ऐकावे लागले. मुलाच्या आईने मात्र स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडून हळूच पत्ता घेतला.

कान ठणठणीत निघाले. वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी चार गोष्टी सांगितल्या, तेवढ्यावर काम भागते आहे. त्या थोरल्या बाईंचा फोन आला : "उगाच आमचे नऊशे रुपये गेले तुमच्यापायी." मी म्हटले, "पावती पाठवा, मी देते." त्यांनी खरोखरच पाठवली. मी दिले.